नागपुरातील दिव्यांगांचे अर्थसहाय्य : रक्कम कशी ठरते, पूर्ण हक्क कसा घ्यायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीबाहेर, सिव्हिल लाइन्सच्या सेतू केंद्रात, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर लोक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे नागपूर शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अनुदानाच्या रकमा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या आहेत. शासन निर्णय बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी तहसीलमध्ये चालू रक्कम एकदा विचारून घ्या.

महिन्याला नेमके किती पैसे मिळतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला आता दरमहा २,५०० रुपये मिळतात. जुलै २०२३ पासून ही रक्कम १,५०० होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी तीत हजार रुपयांची वाढ केली आणि ती ऑक्टोबरपासून लागू झाली. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा बाकीच्या लाभार्थ्यांना मात्र १,५०० रुपयेच मिळतात.

ही वाढ उशिराच आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दिव्यांगांना मिळणारे सहाय्य तशाच योजनेतील इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. इतरांना १,५०० तर दिव्यांगांना किमान १,८७५, हा साधा हिशेब होता. तरी दोन वर्षांहून अधिक काळ सगळ्यांना सारखेच १,५०० मिळत राहिले.

माझ्या भावाला ७५ टक्के दिव्यांगत्व आहे. त्याला ४५ टक्केवाल्याएवढेच पैसे का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. अनुदान टक्क्यांच्या प्रमाणात वाढत नाही. टक्केवारीच्या दोनच पायऱ्या महत्त्वाच्या आहेत, ४० आणि ८०. चाळीस गाठले की तुम्ही कायद्याच्या भाषेत 'लक्षणीय दिव्यांग' ठरता आणि राज्याचे अनुदान, नोकरीतले ४ टक्के व उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण, प्रवास सवलत, शिष्यवृत्ती, व्यवसाय करातली माफी ही सगळी दारे उघडतात. ऐंशी गाठले की केंद्राचे निवृत्तीवेतन आणि प्राप्तिकराची मोठी वजावट मिळू शकते.

चाळीस ते ऐंशीच्या मधले आकडे पैशाच्या दृष्टीने जवळपास सारखेच. ५५ चे ६५ करून घेण्यासाठी वर्षभर खेटे घालणारी घरे आहेत, पण त्या दहा टक्क्यांनी अनुदानात एक रुपयाही वाढत नाही. फायदा होतो तो एसटीत. ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबत जाणाऱ्यालाही सवलत मिळते. तेवढ्यासाठी पुन्हा टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर जायचे का, हे घरच्यांनी ठरवावे. ३८ चे ४० किंवा ७८ चे ८० होण्यात मात्र खरेच फरक आहे आणि वैद्यकीय आधार असेल तर त्यासाठी जरूर प्रयत्न करा.

मग सगळ्यात जास्त कशावर अवलंबून आहे?

उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि तुम्ही कोणकोणत्या दारांवर थाप मारली यावर. दिव्यांगांसाठीचा पैसा एका ठिकाणी नसतो. अनुदान तहसीलमधून येते, मनपाचा निधी वेगळा, कामगार विमा वेगळा, कुटुंब निवृत्तीवेतन वेगळे, आणि करातली सूट तुम्ही स्वतः मागेपर्यंत मिळत नाही. एका खिडकीवरचा बाबू दुसऱ्या खिडकीची माहिती देत नाही.

टक्केवारी कशी मोजतात? एक पाय ५० टक्के आणि कान ३० टक्के, म्हणजे ८० ना?

नाही. दोन दिव्यांगत्वांची सरळ बेरीज होत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी सूत्र दिले आहे. मोठा आकडा 'क' आणि लहान आकडा 'ख' धरला, तर एकत्रित टक्केवारी = क + ख × (९० − क) ÷ ९०.

तुमच्या उदाहरणात ५० + ३० × ४० ÷ ९० केले की साधारण ६३ येते, ८० नाही. तरीही दुसरे दिव्यांगत्व नोंदवणे फार महत्त्वाचे आहे. समजा पायाचे ३५ टक्के आहे आणि ऐकू येण्याची अडचण १५ टक्के. नुसत्या पायावर तुम्ही चाळीसच्या खाली राहता. दोन्ही धरले तर ३५ + १५ × ५५ ÷ ९०, म्हणजे ४४ च्या आसपास. अनुदान मिळण्या न मिळण्यातला हा फरक आहे. बरेच जण 'पायासाठी आलो' म्हणून पायच दाखवतात आणि कानाचे काहीच बोलत नाहीत.

बौद्धिक दिव्यांगत्वात सौम्य प्रकाराला ५० टक्के, मध्यम प्रकाराला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के धरतात. दृष्टीमध्ये दोन्ही डोळ्यांचा विचार होतो. एका डोळ्याने अजिबात दिसत नसेल आणि दुसरा पूर्ण चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात. यामुळे पुष्कळांची निराशा होते, पण नियम देशभर तोच आहे.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) कुठे काढायचे?

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या केंद्रीय पोर्टलवर करायचा, शुल्क नाही. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. नागपुरात बहुतेकांची धाव मेडिकल किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांच्याकडे असते. प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी तपासणीचे वार ठरलेले असतात. खापा, भिवापूर, रामटेककडून येणाऱ्यांनी फोन करून किंवा ओळखीच्याकडून वार विचारूनच एसटीत बसावे. चुकीच्या वारी आलेल्या माणसाची मजुरीही बुडते आणि भाडेही.

कार्ड आता तीन रंगांत येते. ४० च्या आत पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे, ८० व त्यावर निळे.

बोर्डासमोर जाताना काय न्यावे?

जुनी सगळी कागदे. ऑपरेशनची डिस्चार्ज समरी, एक्स-रे, एमआरआय, ऑडिओग्राम, मानसिक आजार असेल तर गेल्या काही वर्षांची औषधपत्रे. डॉक्टरांसमोर काही मिनिटेच मिळतात. त्यात जे कागदावर नाही ते नसल्यासारखेच.

आणि एक कळकळीची सूचना. त्या दिवशी उसने अवसान आणू नका. आपल्याकडे लोक डॉक्टरांना 'मी ठीक आहे, चालते, सांभाळून घेतो' असे सांगतात. मानसिक आजार असलेली मुलगी त्या दिवशी नेमकी शांत असते आणि आई काहीच बोलत नाही. घरी रोज काय होते ते सांगा. आंघोळ कोण घालतो, रात्री कितीदा उठावे लागते, एकटे बाहेर पाठवता येते का, हे सांगायला लाज वाटू देऊ नका. जेवढे खरे आहे तेवढे पूर्ण सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

एक जण दहा हजारांत ८० टक्क्यांचे प्रमाणपत्र काढून देतो म्हणतो. घ्यावे का?

अजिबात नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि वर पाहिलेच की ४० नंतर राज्याच्या अनुदानात टक्क्यांनी काही वाढत नाही. दलाल जी वस्तू विकतो आहे तिचा बहुतेकांना उपयोगच नसतो.

माझे ३८ टक्के आले. आता काय?

तीन वाटा आहेत. पहिली, प्रमाणपत्रावरच्या निर्णयाविरुद्ध अपील. कायद्याच्या कलम ५९ ने तो हक्क दिला आहे. नकारपत्र किंवा प्रमाणपत्र हातात पडताच अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे ते रुग्णालयातच लेखी विचारा, मुदत जाऊ देऊ नका. दुसरी, एखादे दिव्यांगत्व मोजायचे राहिले असेल तर ते दाखवून एकत्रित टक्केवारी मागणे.

तिसरी वाट लोकांना माहीतच नसते. संजय गांधी योजना फक्त दिव्यांगांची नाही. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा दुर्धर आजाराने कमाई थांबलेल्यांनाही तिचा लाभ आहे. तिथे रक्कम १,५०० आणि कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे अट कडक आहे. पण पक्षाघात होऊन ३५ टक्क्यांवर अडकलेल्या माणसाने हा अर्ज करून पाहिलाच पाहिजे.

सिकलसेल असलेल्यांना लाभ मिळतो का?

हो. विदर्भात हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून ठळक सांगायला हवे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया आले. पण सिकलसेलचा आजार असलेला रुग्ण आणि नुसता वाहक यांत फरक आहे. वाहकाला दिव्यांगत्व मिळत नाही. रुग्णाला टक्केवारी ठरवून घ्यावी लागते आणि त्यासाठी किती वेळा रक्त चढवले, किती वेळा भरती झाले, हाडांवर किंवा दुसऱ्या अवयवांवर काय परिणाम झाला याच्या नोंदी लागतात. प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड जपा. दर वेळी नवे कार्ड काढून जुने फेकून देणारी घरे नंतर फार पस्तावतात. सिकलसेलमुळे मांडीच्या हाडाचा सांधा खराब झाला असेल तर ते अस्थिव्यंग वेगळे मोजून वरच्या सूत्रात धरता येते.

उत्पन्नाची मर्यादा किती? कोणाचे उत्पन्न धरतात?

दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे लागते. महिन्याला साधारण ४,१६६ रुपये. नागपुरात कोणत्याही हातमजुरी करणाऱ्या घराचा महिनाभराचा खरा हिशेब मांडला तर ही मर्यादा ओलांडली जाते. मला वाटते, संपूर्ण योजनेतला सर्वात अन्यायकारक आकडा हाच आहे. अनुदान दीडाचे अडीच हजार झाले, मर्यादा तिथेच थांबली.

करता येण्यासारखे एवढेच की कुटुंब म्हणून ज्यांची नोंद आहे ते खरोखर तुमच्या घरात, तुमच्या चुलीवर आहेत का ते बघा. लग्न होऊन वेगळा राहणारा, वेगळे कमावणारा भाऊ अजून तुमच्याच शिधापत्रिकेवर असेल तर त्याची पगारपत्रकेही तुमच्या दाखल्यात येऊन बसतात. प्रत्यक्षात वेगळे असाल तर शिधापत्रिका वेगळी करून घ्या आणि मग उत्पन्नाचा दाखला काढा. एकत्र राहत असताना कागदोपत्री वेगळे दाखवू नका. चौकशीला तलाठी येतो, शेजारी बोलतात, आणि सुरू झालेले अनुदान वसुलीसह बंद होते.

दुसरी कोणती अट आड येते?

महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडून येऊन कळमना, पारडी, वाडी भागात स्थिरावलेल्या कुटुंबांना ही अट जड जाते. शाळेचा दाखला, जुने वीजबिल, मतदार यादीतले नाव, घरटॅक्सची पावती, काहीही जुने असेल ते शोधून काढा. वयाची अट ६५ च्या आत.

अर्ज कुठे करायचा?

ज्या तालुक्यात राहता त्या तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत, किंवा सेतू अथवा आपले सरकार सेवा केंद्रातून. जिल्ह्यात नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण ही दोन वेगळी तहसील कार्यालये आहेत. हुडकेश्वर किंवा बेसाकडच्या लोकांची यात हमखास गल्लत होते. आधी आपले घर कुठल्या हद्दीत ते पाहा. आधार, यूडीआयडी, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, बँक पासबुक आणि फोटो लागतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, ती लांबली तर पोचपावतीवरच्या तारखेशिवाय तुमच्या हातात काही नसते.

केंद्राचे वेगळे निवृत्तीवेतन आहे ना? दोन्ही मिळतील का?

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब, वय १८ ते ७९ आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त, अशांना केंद्र महिन्याला ३०० रुपये देते, ऐंशी वर्षांपुढे ५००. हे तीनशे २०१२ पासून तीनशेच आहेत. आज त्यात एका माणसाचा आठवड्याचा भाजीपालाही नीट येत नाही.

राज्याच्या अनुदानावर हे तीनशे वेगळे मिळत नाहीत. केंद्राची रक्कम धरून उरलेली भर राज्य घालते. म्हणून पासबुकात कधी दोन वेगळ्या नोंदी दिसतात. 'माझे पैसे कमी आले' म्हणत तहसीलला जाण्याआधी त्या महिन्यातल्या दोन्ही नोंदींची बेरीज करून पाहा.

मला लाडक्या बहिणीचे १,५०० मिळतात. दिव्यांग अनुदानही घेता येईल का?

दोन्ही एकत्र नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेसाठी अपात्र ठरता. मग कोणते घ्यायचे? कुटुंबाचे उत्पन्न ५०,००० च्या आत आणि दिव्यांगत्व ४० च्या वर असेल तर संजय गांधी योजनेचे २,५०० घ्या, महिन्याला हजार जास्त आहेत. उत्पन्न त्याहून जास्त पण अडीच लाखांच्या आत असेल तर लाडक्या बहिणीचेच चालू ठेवा, तिची मर्यादा तेवढी आहे. बदल करताना नवे मंजूर झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत जुने सोडू नका. मंजुरी आली की मात्र लगेच कळवा, दोन्ही खात्यात येत राहिले तर वसुली लागते.

बुटीबोरीच्या कारखान्यात माझा अंगठा गेला. मलाही २,५०० रुपयेच?

तुमचे गणित पूर्ण वेगळे आहे आणि इथे टक्केवारीचा प्रत्येक आकडा पैशात मोजला जातो. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर कामावरच्या अपघाताने आलेल्या कायम अपंगत्वासाठी आयुष्यभर मासिक लाभ मिळतो. पूर्ण दर म्हणजे सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के. त्याला कमावण्याची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचे.

समजा सरासरी मजुरी रोज ६०० रुपये. पूर्ण दर ५४०. कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के क्षमता गेली असे धरतात. ५४० चे ३० टक्के म्हणजे रोज १६२ आणि तीस दिवसांचे ४,८६०. नागपुरात ही टक्केवारी विमा महामंडळाचे वैद्यकीय मंडळ ठरवते. तिचा यूडीआयडीवरच्या टक्क्यांशी संबंध नाही. एकाच माणसाकडे दोन वेगळ्या टक्केवारीची दोन कागदे असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

म्हणून हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या कामगारांना हात जोडून सांगणे आहे : अपघात झाला त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहून घ्या. ठेकेदार म्हणतो 'दवाखान्याचा खर्च मी करतो, लिहू नको', आणि आठवडाभराने अंगठा गेलेला असतो, नोंद नसते. विमा नसेल तरी मालकाकडून भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क आहेच.

वडील रेल्वेत होते. त्यांच्यानंतर माझ्या दिव्यांग बहिणीला काही मिळेल का?

नागपुरात रेल्वे, पोस्ट, आयुध निर्माणी, सरकारी कचेऱ्या यांतून निवृत्त झालेल्यांची घरे कितीतरी, तरी हा लाभ मागायचा राहून जातो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला, स्वतःचा उदरनिर्वाह करता येत नसेल तर, वयाची मर्यादा न लावता आजीवन कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. २०२१ पासून उत्पन्नाची कसोटी सैल झाली. तिचे इतर उत्पन्न शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरची महागाई वाढ याहून कमी असले की ती पात्र. रक्कम संजय गांधी अनुदानाच्या कितीतरी पट असू शकते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन नियमांतही अशी तरतूद आहे. खासगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधीखालची निवृत्तीवेतन योजना लागू असेल तर पूर्ण आणि कायम दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता मुलांचे निवृत्तीवेतन मिळते, रक्कम मात्र लहान असते.

आईवडील हयात असतानाच मुलीचे नाव दिव्यांग अपत्य म्हणून निवृत्तीवेतनाच्या कागदांत चढवून घ्या. दोघेही गेल्यावर भावंडांनी ते सिद्ध करत बसणे फार कष्टाचे होते.

मी नोकरी करतो, अनुदान मला लागू नाही. मग माझ्यासाठी काय?

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः दिव्यांग असाल तर १९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०-यू खाली ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. घरात अवलंबून असलेली व्यक्ती दिव्यांग असेल तर कलम ८०-डीडी खाली तेवढीच. खर्च किती झाला याची बिले जोडावी लागत नाहीत, रक्कम ठरलेली आहे. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही कलमे वापरता येत नाहीत.

नव्या करपद्धतीत या दोन्ही वजावटी नाहीत. पण तिथे २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य येतो. त्यामुळे नुसत्या या वजावटीसाठी जुन्या पद्धतीत राहू नका, दोन्ही हिशेब करून बघा. घरकर्ज, विमा, भाडे यांची इतर सूट मोठी असेल तरच जुनी पद्धत परवडते.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला माफ आहे, दिव्यांग मुलाच्या पालकालाही. पगारपत्रकात तो कापला जात असेल तर लेखा शाखेत प्रमाणपत्र द्या. वर्षानुवर्षे कापून घेणारे शिक्षक आणि बँक कर्मचारी आपल्या शहरात आहेत.

मुलगा १८ वर्षांचा झाला, ऑटिझम आहे. बँक त्याच्या नावाचे खाते चालवू देत नाही.

अठरा झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळते. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. मुलगा सतरा पूर्ण करताच कागद जमवायला लागा.

याच चार प्रकारांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा आणि ओपीडीचा खर्चही येतो, जो बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणी २५० रुपये, इतरांना ५००. ज्या घरात दर आठवड्याला स्पीच थेरपीचे पैसे जातात तिथे हा विमा नसणे म्हणजे हातचे सोडणे.

महानगरपालिका काही देते का?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. मनपा, जिल्हा परिषद, नगर परिषद, ग्रामपंचायत, सगळ्यांनी. शहरात मनपाच्या समाजविकास विभागात किंवा तुमच्या झोन कार्यालयात यंदा कोणत्या योजना आहेत ते विचारा, दरवर्षी त्या बदलतात. गावात हा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारायचा : पाच टक्के किती झाले, कोणाला दिले? लेखी उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

साधने आणि प्रवास?

केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर तीनचाकी, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. इथे मर्यादा महिन्याची आहे, वर्षाची नाही. म्हणजे अनुदान नाकारलेले कित्येकजण यात बसतात. शिबिरांची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आणि नागपूरच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात मिळते.

एसटीत ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांच्या वर साथीदाराला ५० टक्के. रेल्वेत दृष्टिहीन, बौद्धिक दिव्यांग आणि सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग यांना स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागते.

पैसे अचानक बंद झाले. काय करू?

आधी बँकेत जा, तहसीलला नंतर. अनुदान आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येते. दोन बँकांत खाती असतील तर पैसे तुम्हाला वाटते त्या खात्यात न येता, ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडला त्यात जातात. 'सहा महिने पैसे नाहीत' म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे दुसऱ्या पासबुकात सुखरूप सापडतात. तिथे नसतील तर तीन गोष्टी तपासा : हयातीचा दाखला यंदा दिला का, तात्पुरत्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली का, आणि आधारवरचे व यूडीआयडीवरचे नाव अक्षरशः जुळते का. तात्पुरते प्रमाणपत्र असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी फेरतपासणीची तारीख मागा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षात घालून नेऊ नका. तलाठ्याला किंवा शाखेला लेखी कळवा आणि घरी येऊन पडताळणी करण्याची मागणी करा.

६५ वर्षे झाली की अनुदान थांबते का?

थांबत नाही, श्रावणबाळ योजनेत वर्ग होते. दिव्यांगांसाठीची २,५०० ची वाढ त्या योजनेलाही लागू आहे. पण वर्ग करताना तुमची नोंद नुसती 'वृद्ध' अशी झाली तर १,५०० च मिळतील. शाखेत जाऊन दिव्यांग म्हणून नोंद आणि यूडीआयडी क्रमांक चढला आहे का ते डोळ्यांनी बघून या.

तहसीलमध्ये कोणी ऐकतच नाही. तक्रार कुठे?

आधी तहसीलदारांना लेखी, पोच घेऊन. मग जिल्हाधिकारी कार्यालय आणि आपले सरकार तक्रार पोर्टल. दिव्यांग म्हणून हक्क डावलला गेला असेल तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. पुण्याला जावे लागत नाही, अर्ज टपालाने पाठवता येतो. वकील लागत नाही. साध्या मराठीत तारीखवार लिहा : अर्ज कधी दिला, पोच क्रमांक काय, कोणत्या खिडकीवर काय उत्तर मिळाले, आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे. पोचपावतीची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा.